माटोळीतला डोळा

माझ्या मूर्खपणांची यादी माझ्या बायकोला तोंडपाठ आहे. पाहुणे आले आणि बोलायला विषय उरला नाही की ती त्यातला एखादा काढते. त्यात खडूच्या डोळ्याचा किस्सा सगळ्यात वरचा, म्हणून तो मीच आधी सांगून टाकतो.

सकाळी दात घाशीत विहिरीवर गेलो, तर कठड्यावर एक डोळा. पांढऱ्या खडूने काढलेला, वीतभर लांब. वरच्या पापणीवर भाल्याच्या फाळासारखी तीन टोकं आणि खालच्या पापणीतून ओघळलेला एकच थेंब. मी चूळ भरायचं विसरलो. मागे फिरलो, तर तोच डोळा पायरीच्या खांबावर. तिसरा न्हाणीच्या दारावर, आतल्या माणसाकडे बघत असल्यासारखा.

तेव्हा मी तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो. जमिनीचे उतारे काढून देणं हे माझं काम. त्याच आठवड्यात कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, हद्दीवरून भांडणाऱ्या दोघा भावांपैकी एकाने मला खिडकीतून दम दिला होता. एक आणि एक मिळून मी अकरा केले. ही करणी.

बायकोला विचारलं असतं तर तिथेच संपलं असतं. पण घरातल्यांना घाबरवायला नको, असा मोठेपणा करून मी परस्पर वाडीच्या टोकाला गेलो आणि घाड्याला घेऊन आलो. घाडी म्हणजे आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालणारा माणूस. कोणाची बाधा, कोणाची करणी, सगळं त्याच्याकडे. त्याने कठड्यापुढे नारळ ठेवला, पंचा कमरेला बांधला आणि आभाळाकडे तोंड करून सुरुवात केली. त्याचा आवाज असा की शेजारची तीन घरं आमच्या विहिरीवर गोळा झाली. ज्या हाताने हे केलं असेल तो हात वाकडा कर, असं तो मागत होता, आणि आम्ही सगळे मागून "व्हय महाराजा" म्हणत होतो. सगळ्यात मोठा आवाज माझा.

इतक्यात माझी मुलगी शिकवणीहून आली. तेव्हा ती नववीत होती. गर्दीतून वाट काढत पुढे आली, नारळ बघितला, डोळा बघितला आणि म्हणाली, "बाबा, तो माजो डोळो."

मी घाड्याकडे बघितलं. घाडी मुरलेला माणूस. डोळे न उघडता, सूर न बदलता तो म्हणाला, "आनी महाराजा, हात आपल्याच चेडवाचो निगालो, म्हणान पयला मागलला ता परत घेतंव."

"व्हय महाराजा," आम्ही म्हटलं.

नारळ काही परत मिळाला नाही. बायको खिडकीतून सगळं बघत होती. ती आत गेली ती तोंडात पदर कोंबूनच. दुपारपर्यंत ही गोष्ट वाडीतल्या प्रत्येक घरात जाऊन जेवून आली.

तो डोळा कुठून आला ते आता सांगतो. माझा मेहुणा बोटीवर काम करायचा. वास्कोला बोट लागली की तो आमच्याकडे एक फेरी मारायचा, आणि हातात कुठल्या तरी परदेशी बंदरातली एखादी वस्तू असायची. एका खेपेला त्याने भाचीसाठी टीव्हीला जोडायचा खेळ आणला. बटणं दाबली की टीव्हीत एक अख्खं राज्य उघडायचं. राजवाडा, डोंगर, तळी, भुतं सगळं. मला त्यातलं काही जमलं नाही. एकदा प्रयत्न केला तर माझा माणूस पहिल्याच तळ्यात बुडाला, आणि मुलीने रिमोटसारखी ती वस्तू माझ्या हातातून हळूच काढून घेतली, आजाऱ्याच्या हातातून ताट काढून घेतात तशी.

पण मागे खुर्चीवर बसून मी बघायचो. त्या राज्यात एक वेगळेच लोक होते. फारसे दिसत नसत. मुलगी सांगायची की ते राजवाड्याची राखण करतात, वाटा जपतात, राजाच्या घरावर संकट आलं की आधी त्यांना कळतं. पण दरबारात त्यांना बसायला जागा नाही. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. त्यांची म्हणून जी काही एक खूण आहे ती हा डोळा. दगडावर, दारावर, म्हाताऱ्या दाईच्या कपाळावर.

पुढल्या वर्षी मेहुण्याने त्याच खेळाचा दुसरा भाग आणला. त्यात काळ बदललेला. जुना राजवाडा पडलेला, राजा निराळा, गावांची नावं निराळी. ते राखण करणारे लोक जवळजवळ संपलेले, एक म्हातारी तेवढी उरलेली. आणि एका पडक्या भिंतीवर तोच डोळा. मुलगी उडी मारून उठली होती. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

याचं कारण माझ्या कचेरीत होतं. गोवा राज्य झालं तेव्हा आमचे सगळे रबरी शिक्के बदलले. जुने पोत्यात भरून मागच्या खोलीत टाकायचं काम माझ्याकडे आलं. पोतं सरकवायला गेलो तर खाली एक लाकडी पेटी, आणि पेटीत पोर्तुगेजांच्या वेळचा लाखेवर उठवायचा पितळी ठसा. ज्या ठशापुढे माझा आजा डोक्यावरचं मुंडासं काढून उभा राहिला असेल, तो तिथे झुरळांच्या अंड्यांत पडला होता. राज्य गेलं की ठसा पोत्यात जातो, एवढं मला नोकरीने शिकवलं होतं. आणि इथे ज्यांचं राज्य कधी नव्हतंच, त्यांची खूण भागामागून भाग टिकून होती.

"त्यातला थेंब कसलो गो?" मी एकदा विचारलं.

खेळात ते सांगत नाहीत, असं ती म्हणाली. मग बटणं दाबतच म्हणाली, "माका दिसता, कोणेतरी त्यांका 'तुमचा हय काय काम' म्हणान विचारला आसतला. तेच्यानंतर तो थेंब इलो."

मी विषय तिथेच सोडला. मुलींचे बाप अशा वेळी विषय सोडतात, आणि मागाहून तो विषय त्यांना शोधत येतो.

तो आला चवथीला. आमच्या चार घरांचा गणपती एकच, मूळ घरात, म्हणजे आम्ही राहतो तिथे. दरवर्षी एका घराची पाळी, त्या घराने मूर्ती आणायची, माटोळी बांधायची, पाच दिवसांचं सगळं बघायचं. त्या वर्षी पाळी आमची होती. माटोळी म्हणजे मूर्तीच्या डोक्यावर छताला टांगलेली लाकडी पट्ट्यांची चौकट. तिला रानातली आणि परसातली फळंफुलं बांधायची, केवणीच्या सालीच्या दोरांनी. गोव्यात चवथीला आरास कोणी बघत नाही. पाहुणा आला की आधी मान वर करतो, माटोळी बघतो, आणि मग देवाला हात जोडतो.

माटोळी बांधायची ती पुरुषांनी. यावर कोणी कधी काही बोललं नव्हतं, कारण बोलायची वेळच आली नव्हती. बाकीच्या तीन घरांत मुलगे होते. माझ्या घरी एकच मुलगी, आणि मी. माझं म्हणाल तर मागच्या पाळीला मी बांधलेली नारळांची जोडी ऐन पूजेत सुटली आणि भटजींच्या ताम्हणात पडली. ते पळी घ्यायला बाजूला वाकले होते म्हणून गोव्याला एक भटजी उरला. तेव्हापासून घरात कोणी दोर हातात घेतला की माझ्याकडे बघून हसायचे.

श्रावण लागला तेव्हा जेवताना मुलगी म्हणाली, "माटोळी मी बांधतलंय." विचारलं नाही, सांगितलं. मी बायकोकडे बघितलं. ती भात वाढत होती. ती म्हणाली, बांधू दे की, निदान भटजी तरी जगेल.

बायकोचं माहेर डिचोली तालुक्यात, लाटंबार्शाला. तिथल्या काजूच्या डोंगरांत काय कुठे उगवतं ते माझ्या सासऱ्यांना झोपेतही सांगता यायचं. मुलगी चवथीच्या आधी चार दिवस तिकडे जाऊन राहिली आणि आज्याच्या मागे रान फिरली. परत आली ती टेम्पोच्या मागे, गोणींवर बसून. शेरवडाची पांढरी पानं, हिरव्या सुपाऱ्यांच्या घोसांची शिपटी, एक हे एवढं तोरिंग, म्हणजे तुमचा पपनस, केळफुलं, आणि फडक्यात गुंडाळलेली रानवेलीवरची लालभडक कवंडळं. पायांवर काट्यांचे ओरखडे, आणि चेहरा असा की मी काही विचारलंच नाही.

आता गोष्टीत दादांना आणायला हवं. दादा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. मराठी शाळेचे निवृत्त मास्तर, घरातले वडील. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे आणि आवाजाने पन्नास. गावातल्या निम्म्या लोकांच्या पाठीत त्यांनी कधी ना कधी धपाटा घातलेला, त्यामुळे त्यांच्यापुढे पंचसुद्धा ताठ बसायचे. गोव्याची राजभाषा कुठली या वादात ते मराठीच्या बाजूने, मी कोकणीच्या. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. गंमत अशी की ते मराठीसाठी भांडायचे ते कोकणीतून, आणि मी कोकणीची बाजू मांडणारी पत्रं छापायला पाठवायचो ती मराठीतून. अजूनही मराठीतच लिहितो आहे, बघा. पण त्या दोन वर्षांतही चवथ आली की आम्ही एका गणपतीपुढे उभे राहायचो. आवाज चढायचे, पाट कधी वेगळे झाले नाहीत. याचा आम्हा चारही घरांना अभिमान होता.

माटोळी मुलगी बांधणार हे दादांच्या कानावर गेलं. ते स्वतः आले नाहीत, वहिनींना पाठवलं. वहिनींनी माझ्या बायकोला मागच्या दारी नेलं आणि हळू आवाजात काही विचारलं. प्रश्न मला ऐकू आला नाही, पण मुलगी वयात आली होती, तेव्हा तो काय असेल ते कळायला कारकुनाची अक्कल पुरते. बायकोचं उत्तर मात्र सोप्यापर्यंत, म्हणजे पुढच्या ओसरीपर्यंत, आलं.

"नेवऱ्यो वळताना कोण चौकशी करणा नाय, वहिनी. माटोळीकच कित्याक?"

चाळीस वर्षं चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, वहिनींनीच वळल्या होत्या. घरी जाऊन त्यांनी दादांना काय सांगितलं कोण जाणे, पण निरोप काही परत आला नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी माटोळी बांधायला घेतली. मुलगी स्टुलावर, बायको खालून एकेक जिन्नस देणारी, मी स्टूल धरून. माझ्यावर विश्वासाने सोपवता येईल असं तेवढंच काम होतं. ती काय बांधते आहे ते मला बराच वेळ कळलं नाही. आधी तिने चौकटीला सुपाऱ्यांच्या शिपट्यांची एक वळणदार रेघ बांधली, मग खालून दुसरी. मधली जागा शेरवडाच्या पांढऱ्या पानांनी भरली आणि पांढऱ्याच्या मधोमध ते तोरिंग टांगलं. वर टोकं करून तीन केळफुलं लावली, तेव्हा मी स्टूल सोडून मागे सरकलो. बायको ओरडली, "स्टूल धरा." मी परत धरलं. शेवटी तिने फडक्यातलं एक कवंडळ घेतलं, लिंबाएवढं, रक्तासारखं लाल, आणि खालच्या रेघेला एका लांब दोराने बांधून सोडून दिलं. ते मंद हलत राहिलं.

सांगायला लाज नाही, सुंदर होतं. आमच्या घराण्यात असली माटोळी कोणी बांधली नव्हती. आणि पुढल्याच क्षणी पायरीवर दादांच्या चपला वाजल्या.

ते आत आले, मान वर केली आणि तशीच ठेवली.

"ह्या काय?"

"डोळो," मुलगी स्टुलावरूनच म्हणाली.

"कोणाचो?"

"राखणदारांचो."

दादा तिच्याशी बोलले नाहीत, माझ्याकडे वळले. "ह्योच डोळो बगून तू घाड्याक घेवन इलंस मरे. त्या दिसा तुका ती करणी दिसली. आनी आज ती गणपतीच्या माथ्यार?"

माझ्याच मूर्खपणाचा नारळ दादांनी उचलून माझ्याच डोक्यावर फोडला होता. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात उरलेल्या दोराचं टोक होतं, आणि ते तिने मुठीत घट्ट धरलं होतं. मी 'बाय, उतर, आपण दुसरं काहीतरी बांधू' म्हणेन, याची ती वाट बघत होती. आयुष्यात मी बहुतेक वेळा तेच म्हटलं होतं.

"त्या दिसा माका कळूक नाय, दादा," मी म्हटलं. "आता कळला."

"परक्यांची खूण ती. बोटीतसून इल्ली. आमच्या देवाक तिचा काय?"

दर पाळीला दादा आपल्या माटोळीच्या मधोमध अननस टांगायचे, पानांच्या तुऱ्यासकट. त्यांची ती शान होती. आणि तिसरीत त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं की अननस मुळात इथला नव्हे, तो समुद्रापलीकडून गलबतातून आला.

"आनी अननस कोणाचो, दादा?"

दादा थबकले. मास्तराला त्याचाच धडा म्हणून दाखवला की क्षणभर तो विद्यार्थ्यावर खूश होतो. तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. मग म्हणाले, फळाची गोष्ट वेगळी, फळ देवाने केलं.

"मगे ह्यातला देवान केलला नाय असा एक दाखवा," मुलगी वरून म्हणाली. "तोरिंग? केळफूल? कवंडळ?"

वडीलधाऱ्यांना असं बोलतात का, हे सगळ्यांच्याच मनात आलं असणार. माझ्याही आलं. पण मी तोंड उघडलं नाही, आणि तेही दादांनी बघितलं.

"उतरय ती," ते मला म्हणाले.

"माटोळी खाली येवची नाय," मी म्हटलं.

"मगे फुडल्या वर्सासून आमच्या घराचो गणपती वेगळो."

परसात वहिनी चवथीची भांडी घासत होत्या, तो आवाज थांबला. त्या मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. भाषेच्या भांडणात, जमिनीच्या भांडणात, आजीच्या दागिन्यांच्या भांडणातसुद्धा हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. मी लहान असताना शेजारच्या वाडीत एका घराण्याचा गणपती वेगळा झाला होता. पुढे त्या दोन घरांत एकमेकांच्या मयतालाही कोणी गेलं नाही. स्टूल मी मुलीसाठी धरलं आहे असं बघणाऱ्याला वाटलं असेल, खरं तर तेव्हा स्टुलाने मला धरलं होतं.

"करा," मी म्हटलं. "पण कारण सांगताना खरा सांगा. घरातल्या चेडवान माटोळी बांदली म्हणान सांगा. डोळ्याचा नाव घेव नका."

मी हे बोललो यावर माझा स्वतःचाच विश्वास बसायला थोडा वेळ लागला. दादांनी एकदा वर बघितलं, एकदा वहिनींकडे. वहिनी नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग दादा आले तसे गेले, आणि पायरीवरून सांगून गेले की या माटोळीखाली ते आरतीला उभे राहणार नाहीत.

चवथीला सकाळी भटजी आले. अजून नऊ घरं करायची होती, त्यामुळे घाईत होते. दादा त्यांना वाटेतच गाठून माटोळीबद्दल बोलले होते, हे भटजींनी आत येऊन ज्या सावधपणे मान वर केली त्यावरून कळलं. बराच वेळ बघितलं. मग पाटावर बसून धोतर सारखं करत म्हणाले, माझे मंत्र मूर्तीपासून खाली लागू होतात, वर काय टांगलंय तो यजमानाचा विषय. आणि जाता जाता मुलीला म्हणाले की बांधणी पक्की आहे ना तेवढं सांग. ती म्हणाली, पक्की आहे, बाबांनी हात लावलेला नाही. भटजी निर्धास्त झाले.

राहिली आरती. आमच्या घराण्यात आरती म्हणायची ती दादांनी. सगळी कडवी, सगळ्या आरत्या, एका दमात. बाकीचे आम्ही टाळ्या वाजवणारे आणि ओळीचं शेवटचं अक्षर पकडणारे. त्या संध्याकाळी दादा घरी आले, पण सोप्यावर बसले, दाराकडे पाठ करून. त्यांचे मुलगे, सुना, नातवंडं आत येऊन उभी राहिली. त्यांना थांबवलं नाही, हे त्यांचं मोठेपण म्हणायचं. आणि वहिनी, ज्या चाळीस वर्षं आरतीच्या वेळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहायच्या, त्या त्या दिवशी पुढे आल्या आणि थेट माटोळीखाली उभ्या राहिल्या. लाल कवंडळ त्यांच्या पांढऱ्या केसांवर हलत होतं. त्यांनी एकदाच वर बघितलं आणि पदर सारखा केला.

सुरुवात यजमानाने करायची, म्हणजे मी. पहिलं कडवं गेलं. पुढे मी कुठे होतो ते मलाच कळेना. दुसरं मी अख्खं गाळलं आणि तिसऱ्याच्या पहिल्या ओळीला दुसऱ्याच देवाची ओळ जोडली. नातवंडं हसायला लागली. तेवढ्यात सोप्यावरून, दाराकडे पाठ तशीच ठेवून, दादांचा आवाज आला. गाळलेल्या कडव्याची ओळ, खणखणीत, वर्गात म्हणावी तशी. मी ती पकडली. पुढे परत चुकलो, परत बाहेरून दुरुस्ती आली. पाच दिवस, दोन वेळा, आमची आरती अशीच झाली. दादा आत आले नाहीत आणि चूक त्यांनी एकही सोडली नाही. डोळ्याखाली उभं राहणार नाही म्हणाले ते शब्दाला पक्के राहिले, आणि आम्ही माटोळीतलं एक पान हलवलं नाही. पाहुणे यायचे, मान वर करायचे आणि विचारायचे, कोणी बांधली? मुलगी पुढे होऊन सांगायची, "मी." एका म्हातारीने तो थेंब बघून विचारलं, देवाच्या माथ्यावर रडतंय कोण? मुलगी म्हणाली, रडत नाही, बघतोय.

पाचव्या दिवशी विसर्जन. मूर्तीच्या पाटाला चार घरांचे चार खांदे लागतात. मी तिघे मोजले होते आणि चौथ्यासाठी शेजाऱ्याला विचारायच्या बेतात होतो. दादा आले, पंचा डोक्याला गुंडाळला आणि माझ्या समोरची बाजू उचलली. ओहळापर्यंत खांदा बदलला नाही. मूर्ती पाण्यात सोडली, वाळू घेतली, परत फिरलो. आमच्या फाट्यावर ते थांबले.

"फुडल्या वर्सा माजी पाळी," ते म्हणाले. "माटोळी मी बांधतलंय. माज्या पद्धतीन."

"बांदा की, दादा," मी म्हटलं.

म्हणजे गणपती एकच राहिला होता. त्यांनी हार मानली नव्हती, आणि आम्हीही नाही.

घरी आलो तेव्हा बायको परसात पाच दिवसांची मोठी पातेली राख लावून घासत होती. मी तिच्या बाजूला उकिडवा बसलो आणि सगळं परत सांगितलं. दादांपुढे मी कसा उभा राहिलो, 'करा' कसं म्हटलं, आवाज कसा जरासुद्धा कापला नाही. ती सगळं तिथेच उभी राहून बघत होती, हे बोलण्याच्या भरात मी विसरलो होतो. तिने माझं ऐकून घेतलं, पातेलं पालथं घातलं आणि हात धुतले.

"तुमी उबे रवलात ता मी बगलंय," ती म्हणाली. "चार वर्सांनी आपली पाळी परत येतली. त्या वेळार माटोळी मी बांधतलंय. तुमी आतासून नेवऱ्यो वळूक शिका."